नागपूरच्या गांधीलमाश्या

कुसुम, मी विलायतेला निघाले त्या दुपारी तू स्टेशनवर पोचवायला आली होतीस, तेव्हा बाबांनी माझी पेटी दोनदा उघडायला लावली, आठवतं? लोणच्याच्या बरणीशेजारी काचेच्या आठ नळ्या होत्या, तोंडाला कापूस लावलेल्या. त्यांत घरमाशीचे कोष, आणि कोषांत वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. नागपुरातल्याच सक्करदऱ्याच्या म्हशींच्या गोठ्यातून मीच गोळा केलेल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीनं शेणात हात घालावा हे बाबांना कधी पटलं नाही. पण त्या दिवशी त्यांचा संशय वेगळाच होता. गाडी हलताना म्हणाले, "मले वाटून राहिलं, तू काही वापस येत नाही."

ही गांधीलमाशी कोषात नांगी खुपसते. तिच्या विषानं आतल्या माशीची वाढ थांबते, आणि तिची पिल्लं त्या माशीवर पोसली जातात. विलायतेत मी हे विष शोधत होते: एका वंशात ते जहाल, दुसऱ्यात मवाळ का, आणि आईकडून लेकीत कसं उतरतं. लॅबमध्ये सगळ्यांना माझ्या गांधीलमाश्यांचा धसका होता. हिंदुस्थानातून आलेल्या, काही रोग पसरवतील म्हणून त्यांना पॅसेजमधलं वेगळं कपाट दिलं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी डेव्हिडकडे. तो लॅबचा तंत्रज्ञ, अबोल, माझ्याकडे न बघता बोलणारा.

हिवाळा लागला तशा दर सोमवारी नळ्या मला हललेल्या दिसू लागल्या. मोजणीचे आकडेही मेळ खाईनात. मी कपाटाच्या फटीवर केस चिकटवला. सोमवारी तो तुटलेला. कँटीनमध्ये कुणी दोघं हसले तरी मला वाटे, माझ्यावरच. वर्षाची मेहनत कुणीतरी नासवत होतं. शेवटी मी प्रोफेसरांना लेखी कळवलं, आणि त्यांनी डेव्हिडची किल्ली काढून घेतली.

पुढच्या सोमवारी आठही नळ्या थंडगार. एकही माशी जिवंत नव्हती.

डेव्हिड पॅसेजमध्येच उभा होता. "शनिवार-रविवार इमारतीचं हीटिंग बंद असतं, म्हणून मी नळ्या बॉयलरच्या खोलीत नेऊन ठेवत होतो," एवढंच त्यानं सांगितलं. त्याच उबेनं माझे आकडे बिघडले होते, आणि त्याच उबेनं माश्या जगल्या होत्या. मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं नाही. मी तरी त्याला कुठे काही विचारलं होतं?

बाबांना सगळं लिहिलं आणि नवे कोष मागितले. महिन्याभरात पार्सल आलं. सदरमधल्या ऑफिसातून सायकलनं सक्करदऱ्याला जाऊन त्यांनी स्वतः गोठे धुंडाळले होते. सोबत चिठ्ठी: "कोष पाठवून राहिलो. ज्या माणसानं तुह्या माश्या जगवल्या, त्याच्यावरच शक घेतला तू? त्याची माफी मागितली का, थे लिही."

मागितली नव्हती. चिठ्ठी वाचून गेले आणि मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला नाही. त्यानं विचारलं, नागपूरला उन्हाळ्यात किती तापतं. मी सांगितलेला आकडा त्याला खरा वाटेना.

बाबांचं म्हणणं खरं ठरलं, मी परत आले नाही. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर तोंडात नागपूरच येतं. पण त्याच हिवाळ्यातल्या एका रविवारी नव्या नळ्या घेऊन मी बॉयलरच्या खोलीत उतरले, तेव्हा डेव्हिडनं दुसरी खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. परक्या गावात मी पहिल्यांदाच कोटाची बटणं सोडून बसले.