शिकत राहील तोवर

माझ्या आईबापाची फारकत झाली तेव्हा मी पाटीवर रेघोट्या ओढत होते. कोर्टकचेरी झाली नाही. वस्तीतल्या पंचांनी विहारात बसून निकाल दिला: पोरगी मायजवळ राहील, आणि ती शिकत राहील तोवर बाप खावटी देईल. बस, एवढंच. त्यानंतर काय, हे कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि नागपुरातल्या आमच्या त्या वस्तीत शिक्षणाचं असं वेड होतं, की पोर शाळा सोडेल असं तोंडातून काढणं म्हणजे अभद्र बोलणं. पोरगी बॅरिस्टरच होणार असं धरून सगळे बैठकीतून उठले. ती मॅट्रिकला गणितात आपटेल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

महिन्याचा पगार झाला की त्या शनिवारी बाप मिलमधून सुटून विहाराच्या दारात यायचा. मायच्या हातात पैसे दिले तर दोघांची जुंपेल, म्हणून ते माझ्याच हातात द्यायचे, तेही एका पंचासमोर. ही अक्कल पंचांचीच. बाप चपला काढायचा, "घे" म्हणायचा आणि जायचा. शाळा कशी चालली, तब्येत कशी आहे, काही म्हणजे काही नाही. वर्षानुवर्षं एकच शब्द. मला अस्सा राग यायचा! तरी त्या दिवशी मी इतवारीच्या बाजारातून आणलेली चांगली रिबीन वेणीला लावून जायची. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आता तर मुळीच येत नाही.

नापास झाल्यावर मी शाळेकडे पाठ फिरवली. मायनं कपाळ बडवून घेतलं, मग अबोला धरला, आणि मग मला सदर बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात नेऊन घातलं. "कोणी विचारलं त सांग, शिकून राहिली," हेही बजावलं. क्लासातून आले की मी तिच्यासोबत विड्या वळायची.

वस्तीत अशा गोष्टी झाकून राहतात होय? बापाचे मोठे भाऊ, आमचे मोठे बाबा, त्यांच्या कानावर गेलं. बापानं दुसरं घर मांडलं होतं, तिथं लहान लेकरं होती, आणि मिलच्या पगारात दोन्हीकडचं भागता भागत नव्हतं, असं ते चारचौघांत बोलू लागले. मोठे बाबा खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती.

विहारात पुन्हा बैठक बसली. मोठे बाबा म्हणाले, "पोरगी त घरी बसली. आता काहून द्यायचं?"

माय उसळली. "घरी कुठं? टायपिंग शिकून राहिली ते!"

"ते काय शिक्षण होय? नुसती बोटं आपटणं."

"मग आपटून दाखवा ना तुम्ही!"

एक पंच म्हणाले, अठरा पुरी होईपर्यंत द्यावं. दुसरे म्हणाले, मुलगी आहे, लग्नापर्यंत द्यावं. तिसऱ्यांचं म्हणणं, नोकरी लागेपर्यंत. वकिलाला विचारू असंही निघालं, पण वकिलाला पैसे कोण देणार, यावर ते तिथंच थांबलं. सगळ्यांत म्हातारे पंच मघापासून डोकं खाजवत होते. मूळ निकाल त्यांच्याच तोंडचा. "शिकत राहील तोवर, असं म्हटलं आपण," ते म्हणाले, "पण शिक्षण संपते कधी गा?"

सगळे पुन्हा एकदम बोलायला लागले. आणि माझी गंमत अशी, की जो बोलेल त्याचं मला पटत होतं. माय बोलली की मायचं, मोठे बाबा बोलले की त्यांचं. डोकं भणाणून गेलं.

शेवटी त्या म्हाताऱ्या पंचांनी मलाच विचारलं, "बाई, तूच सांग. शिकून राहिली का नाही?"

हो म्हटलं तर बाप येत राहील, पण आपल्या लहान लेकरांच्या तोंडचा घास काढून. नाही म्हटलं तर तो येईलच कशाला? मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. तो मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत बसला होता. माझं टाळकं सरकलं.

"नाही शिकून राहिली मी! सोडा त्यांले!"

बाप उठला, पंचांना हात जोडले आणि गेला. वाटेत माय एवढंच म्हणाली, "आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला वं तू." कोणता धोंडा ती म्हणत होती, पैशाचा की बापाचा, मी विचारलं नाही.

पुढच्या पगाराच्या शनिवारी तो येणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी विहाराच्या पायरीवर जाऊन बसले. बसल्या बसल्या इतकी चिडले, की उठून थेट मिलच्या फाटकावर गेले. पाळी सुटली होती. घोळक्यात तो दिसला. मला पाहताच त्याचा हात खिशाकडे गेला.

"पैसे नाही पाहिजे मले," मी म्हणाले.

"मग काहून आली?"

हे मात्र मी ठरवलंच नव्हतं. भांडायला आले होते की भेटायला, कोण जाणे. बाजूनं लोक जात होते, त्याला हाका मारत होते. तो काही हलेना.

"कितवीत होती वं तू?" त्यानं एकदम विचारलं.

घ्या! इतकी वर्षं जिच्या शिक्षणाचे पैसे भरले ती कितवीत आहे, याचा या माणसाला पत्ता नाही. हसावं की रडावं तेच कळेना.

"मॅट्रिकले. गणितात गेली," मी तोंड फिरवून म्हणाले.

"पुन्हा बसता येते का परीक्षेले?"

"येते. काहून?"

"मग बस ना वं."

मला काही उमगेना. "बाबा, मी बसली त तुम्हाले पुन्हा खावटी द्यावी लागन. मोठे बाबा पुन्हा पंचांकडे जातीन. समजते का काही तुम्हाले?"

"समजते ना," तो म्हणाला. "तू शिकून राहिली त मले येता येते. नाही त कोणत्या तोंडानं येऊ?"