दुसऱ्या कोकराची तजवीज

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मेंढीच्या अंतःकरणाचा ठाव लागलेला माणूस एकच, असं मानलं जातं. हे मानणारा माणूसही एकच. आणि ही दोन्ही माणसं म्हणजे माझ्या बायकोचे कळंबचे मामा. घराणं मेंढपाळांचं, पण मामांनी जन्मभर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले, मेंढ्या घेतल्या आणि बोलू लागले. लग्नाच्या पंगतीत, मयताच्या बैठकीत, जिथे माणूस उठून जाऊ शकत नाही तिथे ते मेंढीच्या बीजांडाचा विषय काढतात. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर मी धापा टाकत बसलो असताना त्यांनी मला गाठलं. "जावईबापू, मेंढा सोडायच्या आदी तीन आटवडे खुराक वाढवायचा. पोटातनं मेंदूला सांगावा जातो, औंदा दाणा लई हाय. मंग मेंदू हारमोन सोडतो, आन् एकाच्या जागी दोन बीजं सुटत्यात. दोन बीजं, दोन कोकरं!" शेजारून नवस बोलायला चाललेलं एक नवपरिणीत जोडपं उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळत चढलं.

मामांचं शास्त्र चुकीचं नव्हतं. मी घरी जाऊन पुस्तकात पाहिलं. फक्त पुस्तकात पुढे आणखी एक ओळ होती: मेंढी त्याआधी अंगानं जरा उतरलेली हवी. जी बारा महिने तुडुंब जेवते, तिच्या देहाला वाढीव खुराकात काही विशेष वाटत नाही, आणि मेंदूला निरोप जातो तो रोजचाच. आता उतरलेली मेंढी मामांच्या गोठ्यात कुठून येणार? त्यांच्या घरी पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर मामा तो हात उचलून बाजूला ठेवतात आणि वाढतात. मेंढीला तर हात आडवा धरायचीही सोय नाही.

खुराकाचा खर्च वाढत गेला, जुळं मात्र एकदाही झालं नाही. शेवटी मामींनी निर्वाणीचं सांगितलं, "या बारीला एक तरी जुळं व्हऊ द्या. न्हाईतर मेंढरं थोरल्या भाऊजींकडं." थोरले बंधू अजून दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात. आपल्या मेंढ्या पायी कोकणात जाणार, या कल्पनेनं मामांनी मक्याचा भरडा आणखी वाढवला.

मेंढ्या व्याल्या. पहिलीला एक कोकरू, दुसरीला एक, तिसरीलाही एकच. मामा गोठ्याच्या दारात सुतकात बसल्यासारखे बसले. राहिली फक्त लंगडी. तिचा खूर सडला होता, बाकीच्या तिला गव्हाणीपाशी येऊ देत नसत, त्यामुळे ती पार हडकली होती. खूर बरा झाला तो नेमका खुराकाच्या दिवसांत. तिला दोन झाली.

"झालं जुळं! ऱ्हायली मेंढरं!" मामा ओरडले.

"औंदा ऱ्हायली," मामी म्हणाल्या. "पुढल्या बारीला निम्म्या मेंढ्यांना जुळी पायजेत. लंगडीनं दाखवलं ना कसं ते? आदी पोट मारा, मंग खुराक द्या."

"मुक्या जनावराचं पोट मारू? पाप लागंल, अगं!"

"अवं, कोकणात चालत धाडण्यापरीस कमीच लागंल."

मामा कबूल झाले. खुराक बंद, कोठीची किल्ली मामींच्या कमरेला. तेव्हापासून मामांची भूक मेली आहे. ताटातली भाकरी अर्धी मोडतात, "आज नको वाटतंय" म्हणतात आणि हात धुवायला म्हणून गोठ्याकडे जातात. धोतराच्या सोग्यात काय असतं, हे मामी विचारत नाहीत. परवा मी मागोमाग गेलो. मेंढ्या त्यांच्या मांडीवर हनुवट्या टेकून उभ्या होत्या.

"मामा, अशानं त्या जातील थोरल्यांकडे," मी म्हणालो.

"जात्याल," ते हळूच म्हणाले. "पर उपाशी गेल्या, असं नको व्हायला, राव."

मेंढा सोडायचे दिवस आता जवळ आले आहेत. मामांचे गाल बसले आहेत, बरगड्या सदऱ्यातून मोजता येतात. मेंढ्यांच्या पाठीवर दाबून हात फिरवला, तरी मणका हाताला लागत नाही.