डबा रिकामा पाठवायचा नसतो

आमच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते पत्ता विचारायला.

राजुरीत आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांच्या काळात लग्नसराईत दारापुढे बैलगाड्या लागायच्या म्हणतात. माझ्या काळात काट्याच्या पारड्यात फक्त मांजर झोपायचं. (ते पारडं तेवढ्यासाठीच खाली यायचं!) लोक लग्नात पितळेऐवजी मिक्सर द्यायला लागले, मग मिक्सरऐवजी पाकीट. पाकिटात काही हंडा बसत नाही. पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच दुकानावर मला बी.कॉम. केलं, आणि त्यापायी स्वतः कित्येक दिवाळ्या एकाच सदऱ्यावर काढल्या. आमच्या घराण्यात कॉलेजच्या दारातून आत गेलेली मी पहिली. (तसे आजोबाही एकदा गेले होते, पण ते गॅदरिंगला पातेली भाड्याने द्यायला.)

दुकानामागच्या खोलीत मोड भरलेली होती. मोड म्हणजे नवी भांडी घेताना लोकांनी वजनावर घातलेली जुनी भांडी. पुरणयंत्रं, पानाचे डबे, घंगाळी, समया, कडीचे डबे. एके संध्याकाळी आप्पा जेवता जेवता म्हणाले, "अमावस्या उलटली का भट्टीवाल्याचा टेम्पो येतोय. समदी मोड उचलतो म्हन्ला. मंग वढायचं शटर."

असं म्हणाले, जसं काही कोणी म्हणावं, उद्या दळण टाकायचंय. आईचा भाकरी थापणारा हात मात्र थांबला.

"आप्पा, शहरातले लोक ही भांडी मोबाईलवर लिलावात घेतात," मी म्हणाले.

"मोबाईलवर भांडं दिसंल पोरी, पर वाजवून कसं बगनार?"

"वाजवून नाही बघत. विकणाऱ्याचे अभिप्राय बघतात. आधीच्या गिऱ्हाइकाने किती तारे दिले, त्यावर भरवसा ठेवतात."

आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "असं कर. येक भांडं इकून दाव. घेनाऱ्यानं चांगलं म्हन्लं, तर टेम्पो रिकामा परत धाडतो. वाकडं बोल्ला, तर मोड भट्टीत."

झालं! सगळं दुकान एका अनोळखी माणसाच्या जिभेवर टांगलं गेलं. त्यात लिलावाच्या साईटचा नियम असा, की नव्या विक्रेत्याला पहिलाच अभिप्राय वाईट मिळाला, की त्याच्या वस्तू यादीच्या तळाशी. म्हणजे जिथे देवसुद्धा बघत नाही तिथे!

मी निवडला एक पितळी कडीचा डबा. घासून असा लख्ख केला, की त्यात माझं नाक दिसायला लागलं. वर्णन लिहिलं: "जुना पितळी डबा. झाकण घट्ट. आतून कल्हई. स्वच्छ व रिकामा." आता राहिला टपालखर्च. कळंबचा माझा मामेभाऊ किरण मोबाईलची कव्हरं ऑनलाईन विकतो. त्याने फोनवर गुरुमंत्र दिला.

"सुरेखाताई, डबा स्वस्तात लाव आन टपाल दणकून लाव! मानूस बोली लावताना डब्याकडंच बघतो. टपालाकडं ध्यान जाईस्तवर आपलं काम झालेलं असतं. समदे तेच करत्यात."

"समदे करत्यात म्हणून मी करायचं? बी.कॉम. झालेय मी!"

"बी.कॉम. झाल्यावर तर आधी सुचायला पायजे व्हतं, राव!"

मी फोन ठेवला. मांजराला उठवून आमच्या काट्यावर डबा तोलला, त्यात खोकं आणि चिंध्या धरल्या, टपालाचा दर काढला आणि लिहून टाकलं, "टपालखर्च लागेल तेवढाच. एक पैसाही जास्त नाही." लिहिल्यावर मला माझाच इतका अभिमान वाटला, की ते वाक्य मी तीनदा वाचलं.

डबा गेला कोलकात्याला. सगळ्यांत जास्त बोली लावणारे गृहस्थ होते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले श्री. दत्त. आप्पांनी नाव ऐकलं आणि भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीला हात जोडले. "पयलं गिऱ्हाईक म्हून देवानं दत्तच धाडला! आता हाय त्येच्या हातात."

डबा बांधायच्या दिवशी आई फार गोड वागली. तिथेच मला कळायला हवं होतं. "तू च्या पी निवांत, मी पुसून कडी लावून देते," म्हणाली. चहा पिऊन आले तर डबा कडी लावून तयार. उचलला, तर हात खाली गेला. पण मी मनाशी म्हटलं, जुनं भरीव पितळ आहे, जड लागणारच! आत काही खुळखुळलं असतं तरी शंका आली असती. पण आईने आत धोतराचं फडकं असं ठासलं होतं, की पॅकिंगच्या बाबतीत मीच तिच्याकडून शिकावं.

टपाल कचेरीत मास्तरांनी खोकं काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला. मी जवळजवळ ओरडलेच.

"अहो, घरी याच्या निम्मं भरलं होतं!"

"ताई, मंग घरच्या काट्याला विचारा."

"आमचा काटा तीन पिढ्यांचा आहे!"

"तेच म्हन्तो मी. दमला आसंल."

"तुमचाच बिघडलाय. परत तोला."

मास्तरांनी शांतपणे परत तोललं. मग बाजूची किलोची वजनं ठेवून दाखवली. ती बरोबर भरली. मग माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "काय गं बाई, जातं धाडतीस का काय?" दत्तांकडून घेतलेल्या टपालखर्चाच्या वरचे पैसे मी मुकाट्याने पदरचे भरले. येताना वाटभर सरकारी काट्यांवर मनातल्या मनात एक निबंध लिहिला. घरी आल्या आल्या तो आईला वाचून दाखवायला सुरुवात केली.

आई म्हणाली, "आगं, लाडवांचं वजन न्हाई का व्हनार?"

"कसले लाडू?"

"शेंगदान्याचं. गूळ घालून. अकरा बसलं कसंबसं."

मी उंबऱ्यावरच बसले.

"आई! लिलावात विकलेल्या डब्यात लाडू?"

"मंग काय रिकामा धाडायचा? भांडं कदी रिकामं देत्यात का? शेजारनीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालतो आपन."

"ती शेजारीण असते! यांनी पैसे देऊन विकत घेतलाय!"

"मंग तर जास्तच! पैसं बी दिलं आन डबा बी रिकामा. त्या मानसानं आपल्याला काय म्हनावं?"

आता सांगा, कॉलेजात याच्यावर कोणता पेपर होता?

पुढचे दिवस मी मोबाईलला चिकटून काढले. पार्सल कुठे पोचलं ते त्यावर दिसायचं. पार्सल नागपूरला, तर माझंही चित्त नागपूरला. मला स्वप्नात मुंग्या दिसायला लागल्या. राजुरीपासून कोलकात्यापर्यंत मुंग्यांची अखंड रांग, आणि शेवटी दत्तांच्या दारात उभी राहून ती बेल वाजवतेय! बंगालच्या हवेत गूळ सुटेल, आतली कल्हई चिकट होईल, "स्वच्छ व रिकामा" या माझ्या वर्णनातले दोन्ही शब्द खोटे ठरतील. आप्पा रोज विचारायचे, "काय म्हन्लं दत्त?" आणि कॅलेंडरकडे बघायचे. अमावस्या चार दिवसांवर आली.

मग दत्तांचा संदेश आला, कडक सरकारी इंग्रजीत. त्याचा मराठी अर्थ असा: "महोदया, डबा मिळाला. डब्यात खाद्यपदार्थ आढळले. वर्णनात त्यांचा उल्लेख नाही. अभिप्राय देण्यापूर्वी आपला खुलासा अपेक्षित आहे."

खुलासा! मी अर्धा दिवस बसून इंग्रजीत खुलासा लिहिला, की आमच्याकडे रिकामं भांडं कुणाला देत नाहीत, ही चाल आहे, आणि लाडू आईने प्रेमाने दिले आहेत. उत्तर लगेच आलं.

"भावना समजली. परंतु लाडवांवर मी बोली लावलेली नाही. जे विकत घेतलं नाही ते ठेवून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. लाडू परत पाठवत आहे. येण्याचा खर्च आपण सोसला, जाण्याचा मी सोसेन. पार्सल आपल्या हाती पडल्याचं दिसलं, की अभिप्राय देईन."

मी आयुष्यात पुष्कळ हट्टी माणसं पाहिली आहेत. (एकीच्या पोटी तर जन्मच घेतलाय!) पण लाडू टपालाने परत पाठवणारा माणूस पाहिला नव्हता. तेही तातडीच्या टपालाने.

अमावस्या उलटली. सकाळी भट्टीवाल्याचा टेम्पो दारात, आणि त्याच्यामागे पोस्टमन! एकीकडे हमाल मोड बाहेर काढायला लागले, दुसरीकडे आईने दत्तांचं पार्सल फोडलं. आत एक चकचकीत स्टीलचा डबा, आणि डब्यात लाडू. आईने मोजले.

"सुरे! अकरा धाडलं व्हतं, सात आलं."

मी दत्तांना विचारायच्या आतच त्यांचा संदेश येऊन पडलेला होता: "पदार्थ नेमका कोणता, हे ठरवण्यासाठी एक लाडू खर्ची पडला. संख्येत आणखी तूट आढळल्यास ती वाटेतली समजावी."

पण मला हसूही येईना. बाहेर हमालाने पहिलं पुरणयंत्र टेम्पोत भिरकावलं. ठण्ण! आप्पांनी डोळे मिटले. गिऱ्हाइकाला बोटाने टिचकी मारून नाद ऐकवणारा माणूस तो. तो आवाज त्यांच्या छातीत वाजला असणार. मी मोबाईल चोळत बसले, चोळून अभिप्राय निघत असल्यासारखा.

आणि आई? आई स्वयंपाकघरात दत्तांचा स्टीलचा डबा धूत होती.

"आई, तू काय करतेयस?"

"परक्याचं भांडं घरात ठिवू व्हय? परत नगं का धाडायला?"

"ठीक आहे, धाड. पण रिकामं!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला पुरणात मीठ घालायला सांगितलं. बघता बघता डब्यात शेंगदाण्याची चटणी गेली, वर ताजे लाडू गेले, त्यावर फडकं गेलं, आणि आई पिशवी घेऊन टपाल कचेरीच्या वाटेला लागली. मी तिच्यामागे धावणार, तेवढ्यात मोबाईल वाजला.

अभिप्राय! मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि आप्पांना मराठी करून मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

"'वस्तू वर्णनाप्रमाणे: चार तारे. वर्णनात डबा रिकामा होता.'"

आप्पांचा चेहरा पडला. समई हातात धरून हमाल थांबला.

"'टपालखर्च: पाच तारे. डब्यापेक्षा टपाल महाग लावणारे विक्रेते मला पुष्कळ भेटले. पार्सलवरच्या शिक्क्यात जास्त रक्कम असून गिऱ्हाइकाकडून कमी घेणारी विक्रेती ही पहिलीच. असा प्रामाणिकपणा आता दुर्मिळ आहे. माझ्याकडून शिफारस. पुढच्या डब्यावरही बोली लावेन.'"

प्रामाणिकपणा! अहो, आत लाडू आहेत हे मला ठाऊक असतं, तर मी ते काढून घेतले असते! माझ्या प्रामाणिकपणाला मिळालेले पाचही तारे खरं तर माझ्या अज्ञानाचे होते. पण ते आप्पांना कुठे माहीत? त्यांनी गळ्यातल्या उपरण्याने डोळे पुसले आणि टेम्पोकडे वळले.

"पावणं, उतरवा समदं."

"आता भरलं, लगेच उतरवा?" भट्टीवाला चिडला. "कोन म्हन्तंय?"

"दत्त म्हन्तोय."

भट्टीवाल्याने आधी हात जोडले, मग टेम्पोचं भाडं मागितलं. मी दिलं. लागलं तेवढंच, एक पैसाही जास्त नाही.

दुकान आजही चालू आहे. मागच्या खोलीतली मोड एकेक करून लिलावात गेली, भट्टीत एक चमचाही गेला नाही, आणि आप्पांना दिवाळीला नवा सदरा आला. आमच्या खात्यावर चांगल्या अभिप्रायांचा ढीग आहे. त्यात माझ्या वर्णनाचं, फोटोंचं, पॅकिंगचं कौतुक शोधायला गेलात तर डोळे दुखतील. सगळे लाडवांबद्दल लिहितात. एकाने तर लाडू फुटका निघाला म्हणून एक तारा कापला! तेव्हापासून मी, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, डबा आधी आईकडून भरून घेते, मग मांजराला उठवून काट्यावर तोलते आणि टपालखर्च लिहिते.

दत्तांचा स्टीलचा डबा चटणी घेऊन गेला, तो संदेश घेऊन परत आला. संदेश म्हणजे बंगाली मिठाई. दत्तांनाही आता रिकामा पाठवणं बरं वाटत नाही म्हणे. मग आईने कुरडया भरल्या, त्यांनी खजुराचा गूळ भरला. गेली दोन वर्षं तो डबा ना त्यांच्या घरी ठरतो ना आमच्या. आत्ता हे लिहितेय तेव्हाही तो नागपूरच्या आसपास कुठेतरी आहे, आणि या खेपेचं टपाल माझ्या अंगावर आहे.