'आ वेर' म्हणणाऱ्या शालिनीकाकू

अनघाचा फोन आला तेव्हा मी सानपाड्याच्या माझ्या स्पॅनिशच्या क्लासमध्ये फळा पुसत होते. "मॅडम, आई गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळची बॅच येऊन बसत होती. त्यांना काही न सांगता मी शिकवत राहिले. त्या दिवसापासून शालिनीकाकूंबद्दल लिहायचं मनात होतं, आज जमतंय.

काकू बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात स्टेनो होत्या. साहेबांची वाक्यं उतरवण्यात सगळी नोकरी सरली, स्वतःचं बोलणं मात्र मोजकंच. नवरा लवकर गेलेला. लेक अनघा लग्न करून स्पेनला गेली आणि तिची मुलगी मीरा स्पॅनिशच बोलू लागली. म्हणून निवृत्तीनंतर काकू खांदेश्वरहून माझ्याकडे शिकायला यायच्या. "व्हिडिओ कॉलवर आम्ही आजी-नात एकमेकींकडे बघून नुसत्या हसतो हो," पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. "किती दिवस हसणार?"

व्याकरण त्यांचं चोख, पण तोंडी परीक्षेच्या सरावाला बसल्या की गप्प. अख्खं वाक्य मनात जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, तोवर वेळ संपलेली! तोंडी परीक्षेत गप्प बसणं फार महागात पडतं. म्हणून मी सगळ्यांकडूनच काही शब्द घोटून घेते. 'आ वेर' म्हणजे 'बघू हं', 'पुएस' म्हणजे 'तर मग', 'एस के' म्हणजे 'त्याचं असं आहे'. विचार करायला उसंत मिळते आणि समोरच्याला कळतं की आपलं बोलणं संपलेलं नाही. काकूंना ते पटेना. "हा तर टाइमपास झाला मॅडम. साहेबांचं 'म्हणजे... म्हणजे' मी गाळूनच टाइप करायचे."

"पण ते बोलत राहिले, म्हणून तर तुम्हाला टाइप करता आलं ना?"

काकूंनी वही पुढे ओढून तिन्ही शब्द लिहून घेतले. मग हळूच म्हणाल्या, "आ वेर..."

परीक्षेत त्यांना स्वतःच्या घराबद्दल बोलायचं होतं. खिडकीच्या जाळीला काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा फुललेला होता. "टेन्शनच आलं. पण मी 'आ वेर, पुएस' करत राहिले आणि हाताने चौकोन काढून दाखवले! परीक्षकबाई थांबल्या हो माझ्यासाठी. माझं वाक्य पुरं व्हायची कुणी वाट बघतंय, असं कधी झालंच नव्हतं." काकू पास झाल्या. त्यापुढे आजी-नातीच्या गप्पांना खंड नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, शब्द मात्र गेले. पाणी, चष्मा, लेकीचं नावसुद्धा... अनघा इथे येऊन राहिली, मीरा वडिलांजवळ तिकडेच. डॉक्टर म्हणाले, नेमका शब्द सापडत नाही, पण जिभेला सवयीचे झालेले शब्द कधी कधी उरतात. मी भेटायला गेले तेव्हा कॉल चालू होता. मीराने शाळेतल्या भांडणाचं सांगून विचारलं, "आजी, मी काय करू?" काकू म्हणाल्या, "आ वेर..." आणि पुढे काहीच नाही. मला राहवेना, मी काहीतरी सुचवायला पुढे झाले. मीराने पडद्यावरूनच हात वर केला. "थांबा ना, आजी विचार करतेय." काकूंचे डोळे भरून आले. "पुएस..." त्या म्हणाल्या. मीरा थांबून राहिली.

गेल्या आठवड्यात खांदेश्वरला गेले. मीरा वडिलांबरोबर आली होती. आजीचं घर तिने आजवर पडद्यावरच पाहिलेलं. खिडकीशी काकूंची वेताची खुर्ची, समोर उंच स्टूल, त्यावर फोन टेकवायला उभा केलेला पोळपाट. अनघाने काहीच हलवलं नव्हतं. मीरा खुर्चीत जाऊन बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते.

"मी इथे दिसायचे तिला?" तिने स्पॅनिशमध्ये विचारलं. अनघाने होकाराची मान हलवली. मीराने हात लांब केला. पोळपाट सहज हाताला लागला.

"किती जवळ होते मी," ती म्हणाली.