लीगचा रकाना

इस्पितळातून नंदूचा फोन आला तेव्हा मी सुमनसाठी डब्यात मऊ भात भरत होतो. "बाबा, डबा आणू नका," एवढंच तो म्हणाला. मला कळलं. तरी मी झाकण लावलं, का ते माहीत नाही... सात आठवडे झाले, राग जात नाही. भेटायला येणारे म्हणतात, वय झालं होतं, त्रास न होता गेली. त्यांना काय ठाऊक.

मी चौथी शिकलेला, जन्मभर बसडेपोत ब्रेक आणि टायर केलेला माणूस. सुमन सातवी. मुलाने आम्हाला इकडे आयर्लंडमध्ये, मलिंगारला आणलं. इथे नंदू रविवारी बेसबॉल खेळतो. मला त्यातलं काही कळलं नाही, हिला महिन्याभरात कळलं. घडीची खुर्ची, थर्मास आणि लाल वही घेऊन मैदानाच्या कडेला बसायची. नंदू किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्यात किती वेळा चेंडू नीट मारला, सगळं लिहायची. एकदा तो चिडला. "आई, फेक ती वही. दहात तीनदा मारतो मी. नापासच की." ही म्हणाली, "बाकीचे किती मारतात ते बघितलंस का?" मग संघाच्या डेक्लनकडून, अर्धं बोटांनी बोलून, तिने सगळ्या लीगचे आकडे मिळवले. सगळ्यांचं मिळून दहात अडीच निघालं. "बघ, लीगच्या वर आहेस. जेव आता." तेव्हापासून वहीत दोन रकाने, एक नंदू आणि एक लीग. त्या दुसऱ्या रकान्यावर तिचा फार भरवसा.

तिथेच घात झाला. हिवाळ्यात ती जिना चढताना थांबायला लागली. डॉक्टर कागद बघून म्हणाला, ग्रँड, म्हणजे सगळं ठीक, या वयात बायकांना सरासरी एवढी धाप लागतेच. नंदूने मराठीत सांगितलं तशी ती हसली, "म्हणजे मी लीगइतकीच." दोनदा गेलो, दोनदा तेच. बाई, मागच्या महिन्यात किती चढत होतीस, हे त्याने एकदाही विचारलं नाही. डेपोत गाडीचा आवाज कालच्यापेक्षा बदलला की आम्ही ती खालून तपासायला खड्ड्यावर घ्यायचो. बाकीच्या गाड्या कशा वाजतात हे कोण विचारतो? एवढं मला येत होतं. आणि मीच तिला म्हणालो, "तो शिकलेला आहे, तू गप बस." डॉक्टरवर राग आहेच. माझ्यावर जास्त आहे.

तेरावं झाल्यावर वही सापडली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यात चादरींखाली ठेवलेली. शेवटच्या पानांवर नंदू नव्हता. वर लिहिलं होतं, 'जिना, न थांबता'. खाली तेरा. मग अकरा. नऊ. सहा. चार. शेजारी लीगचा रकाना आखलेला आणि कोरा. म्हणजे तिला शंका आली होती. मला सांगितलं नाही... मी काय म्हणणार ते तिला माहीत होतं.

परवा खेळ पुन्हा सुरू झाले. मी तिची खुर्ची घेऊन गेलो. नंदू चारदा उभा राहिला, चारही वेळा बाद. डेक्लन सवयीने लीगचा कागद घेऊन आला. मी हात पुढे केला नाही. वहीत नंदूच्या पानावर तिच्या अक्षरात शेवटचा आकडा दोन होता, त्याखाली मी वाकडंतिकडं शून्य काढलं. मग त्याला हाक मारली.

"नंदू, इकडे ये. काय होतंय तुला?"

त्याने हेल्मेट काढलं आणि खुर्चीशेजारी गवतात बसला.