फटफटीचा खांदा

जोडीतला एक बैल विकून साखरखेर्ड्याच्या कडूबाने फटफटी आणली, तेव्हा गावाने त्याच्या अकलेविषयी जे मत बनवले ते कधी बदलले नाही. पुढे त्यात थोडी माया मिसळली, एवढेच.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. गावात एसटी येत होती, पाटलांच्या ओसरीवर रेडिओ बोलत होता, पण फटफटी कुणाकडेच नव्हती. कडूबाची फटफटी लष्कराने मोडीत काढलेली. टाकीवर तिच्या कंपनीचे नाव होते म्हणे. पण त्यावर आधी पलटणीने हिरवा रंग चढवला, मग भंगारवाल्याने काळा, आणि शेवटी बैलाच्या शिंगांना लावून उरलेला हिंगूळ कडूबाने फासला. त्यामुळे ही बाई मूळची कोणत्या घरची, हे सांगणारे कुणी उरले नाही. "हे गाडी सडकेनंबी चालते अन् वावरातूनबी," असे भंगारवाल्याने विकताना सांगितले होते. त्यात खोटे काही नव्हते. डांबरी सडक असो की गुडघाभर चिखलाची पांदण, ती दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने बंद पडायची.

कडूबा अंगाने काडीसारखा, पण डोक्याचा पटका मोठा. लांबून पाहिले की पटकाच फटफटीवर बसून चालला आहे असे वाटे. किक मारण्याआधी तो चपला काढून ठेवी, फटफटीला हात लावून नमस्कार करी, आणि मग सगळा जोर लावून तिला लाथ हाणी. "लक्ष्मीले पाय लागते, माफी आधीच मागून घेतलेली बरी," असे त्याचे म्हणणे. कधी कधी एका लाथेसाठी दहा नमस्कार होत, कधी एका नमस्कारावर सबंध सकाळच्या लाथा भागत.

त्याला यंत्राची भाषा येत नव्हती. बैलाची येत होती. म्हणून फटफटीचा प्रत्येक अवयव त्याने बैलावरून ओळखला. पेट्रोल जिथून आत उतरते तो घसा. धुराचे नळकांडे ती शेपटी. आणि इंजिनाचा जोर ज्या चकत्यांमधून चाकाकडे जातो, तो क्लच म्हणजे खांदा. "सारा भार याच्यावर असते," तो मनकर्णाबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, समजावून सांगे. "बैलाचा खांदा गेला तं बैल गेला. हिचंबी तसंच हाये."

ही भाषा घेऊन तो सुटे भाग आणायला जालन्याला गेला, तेव्हा दुकानदार चक्रावला.

"हिच्या घशातली गोळी अडकून राह्यली," कडूबा म्हणाला. "तशी दुसरी द्या."

"दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे," दुकानदार म्हणाला.

"दवाखान्यात फटफटीले घेतीन काय?"

"अहो, फटफटीला घसा कुठे असतो?"

"तुमच्या इकडच्याले नसन," कडूबा शांतपणे म्हणाला. "आमचीले हाये."

अखेर दुकानदाराने विचारले, गाडी कोणत्या कंपनीची? कडूबाने सांगितले, तांबडी. तिथेच जालन्याचा बाजार आटोपला. त्यानंतर त्याने शहराचा नाद सोडला आणि तो फटफटीला गावरान भाग बसवायला लागला. किकची स्प्रिंग मेहकरजवळ उलथलेल्या एका मालमोटारीच्या गादीतून आली. पुढच्या दिव्याची काच कंदिलाची होती आणि ती फुंकून विझवता येत नाही याचे लहान पोरांना वाईट वाटे. इंजिनाच्या दोन भागांमध्ये तेल गळू नये म्हणून जाड कागद घालावा लागतो. त्याला लग्नपत्रिकेसारखा दुसरा कागद नाही, हा कडूबाचा शोध. तेव्हापासून गावातली मंडळी त्याला दोन पत्रिका देऊ लागली. एक घरच्यांना, एक इंजिनाला. फटफटीखाली तेलाचे थारोळे दिसले की मनकर्णाबाई विचारी, "आता कोणाचं लगन फुटलं?"

घशाचे, शेपटीचे सगळे जमले. खांद्याचे जमेना. चकत्यांवरची जुनी पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती. त्यामुळे फटफटीला हळू चालणे म्हणून ठाऊकच नव्हते. एक तर ती जागची हलायची नाही, नाहीतर उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी घ्यायची. एकदा बीबीच्या बाजारात तिने अशी उडी घेतली की कडूबा वांग्यांच्या ढिगात आणि फटफटी मिरच्यांच्या. दोघांनाही बराच वेळ शिंका येत होत्या.

मनकर्णाबाईचा भाऊ उत्तमराव दुसरबीडला राहायचा. बागायतदार माणूस, भाजीपाल्याचा मोठा मळा, आणि डोळा कडूबाच्या इंजिनावर. ते विहिरीवर बसवले तर मोट हाकायला नको, असा त्याचा हिशेब. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच तो एक पांढराशुभ्र बैल घेऊन दारात उभा राहिला.

"दाजी, हा घ्या बैल. तुमची जोडी पुरी करा. फटफटी मी घेऊन जातो. इंजीन विहिरीवर बसवतो, बाकीचं भंगारात टाकतो."

कडूबाचा चेहरा पडला. पण उत्तमरावाचा बाण बरोबर लागला होता. गेल्या पोळ्याला अख्ख्या गावाच्या जोड्या तोरणाखाली उभ्या होत्या आणि कडूबाचा बैल एकटा. मनकर्णाबाई त्या दिवशी घराबाहेर पडली नव्हती. आता ती त्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कडूबाने ते पाहिले.

"मले जोडी हाये," तो एकदम बोलून गेला.

"कुठी हाये?"

"हे काय, उभी हाये! उद्या माह्या बैलाच्या जोडीनं फटफटी तोरणाखालून नेतो."

उत्तमराव पोट धरून हसला. "बैलाच्या चालीनं? हे? दाजी, हे तोरण घेऊन थेट लोणारच्या तळ्यात जाईन! ऐका, बैलाच्या पावलासंग पाऊल टाकून नेली तं पुन्हा इंजिनाचं नाव घेणार नाही. उधळली किंवा बंद पडली तं उद्याच खोलून नेतो. कबूल?"

"हाव, कबूल," कडूबा म्हणाला, आणि मग काय कबूल केले ते त्याच्या ध्यानात आले.

दिवसभर तो खांद्याशी झटला. पिठाच्या गिरणीचा तुटका पट्टा मिळवला, त्याचे तुकडे कापले, सरस लावून चकत्यांवर बसवले. सरस वाळावा म्हणून झाकण उघडे ठेवले आणि बैल धुवायला ओढ्यावर गेला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मनकर्णाबाईने वाटीत तूप-हळद कोमट केली. बैल ओढ्यावर होता, पण खांदा उघडा टाकून फटफटी अंगणात उभी होती. मनकर्णाबाईने तिला कधी चांगला शब्द दिला नव्हता. पण उद्या ही आपल्या बैलाची जोडीदार, आणि एकाचा खांदा मळून दुसऱ्याचा कोरडा ठेवणे हा तिच्या स्वभावात न बसणारा अन्याय. ती पुढे गेली, बोटे बुडवली आणि चकत्यांच्या फटीफटीत, पट्ट्याच्या प्रत्येक तुकड्यावर तूप-हळद अशी चोळली की आईने बाळंतिणीलासुद्धा इतकी चोळली नसती. मग कंदिलाच्या काचेपाशी वाकून आवतण दिले.

कडूबा परतला, चकत्यांवरचा पिवळा थर त्याने पाहिला, "सरस चांगला पिकला," असे म्हणून समाधानाने झाकण लावले.

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. झुली, गोंडे, रंगवलेली शिंगे, आंब्याच्या पानांचे तोरण. कडूबाच्या बैलाची दोरी मनकर्णाबाईच्या चुलत दिराकडे, आणि शेजारी कपाळाला बाशिंग बांधलेली फटफटी. उत्तमराव झूल चढवलेला पांढरा बैल घेऊन तोरणाच्या खांबाला टेकला होता; पाने-पकड पिशवीत घालूनच तो आला होता. त्याने खड्या आवाजात झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायचे चढाओढीचे गाणे, म्हटली:

"एका बैलाले पाय चार, दुसऱ्याले चाकं दोन,
तोरण तोडून पळाला तं धरून आणीन कोण?
बोला, हर हर महादेव!"

हशा पिकला. कडूबाने चपला काढल्या, नमस्कार केला, लाथ हाणली. पहिल्याच लाथेला इंजीन गरजले. बायकांनी लेकरे उचलली, पुढचे लोक मागे सरले. कडूबाने डोळे मिटून खांदा सोडला.

फटफटी उधळली नाही. इंजीन वाघासारखे डरकाळत होते आणि चाके गोगलगाईसारखी फिरत होती. बैलाने एक पाऊल टाकले, फटफटी वीतभर सरकली. बैल थबकला, तीही थबकल्यासारखी झाली. कडूबाने घाबरून आणखी पेट्रोल दिले. आवाज वाढला, चाल तीच. अशी डौलदार, गंभीर, पाटलाच्या बैलालाही न साधणारी चाल करत ती तोरणाखालून पार झाली. पलीकडे जाऊन तिने एक उसासा टाकला आणि थांबली. झाकणातून पिवळसर धूर निघाला. साऱ्या पोळ्यावर खमंग वास पसरला.

"हे काय जळून राह्यलं?" उत्तमराव नाक फेंदारून पुढे आला. "पुरण?"

"तूप हाये," मनकर्णाबाई गर्दीतून म्हणाली. "म्या काल खांदा मळला तिचा."

कडूबाने झाकण काढले, बोट आत घातले, वास घेतला आणि मटकन खाली बसला. "अवं, खांदा मळला? आतून?"

"मंग काय वरतून? तुमीच तं सांगत होते, सारा भार तिथी असते!"

उत्तमरावाने टाळी वाजवली. "मंग चकत्या तुपानं घसरून राह्यल्या! हे चाल फटफटीची नाही, तुपाची! दाजी हारले. मी इंजीन खोलतो."

तो पिशवीत हात घालणार तेवढ्यात मनकर्णाबाईने पुढे होऊन पदर खोचला.

"हात लावशीन तं पाह्य, उत्तम. म्या आवतण देलं तिले. आवतण देऊन आणलेल्या बैलाचे हाडं पोळ्याच्या दिवशी काढतं काय कोणी?"

उत्तमरावाने अर्जुनराव पाटलांकडे पाहिले. तोरण त्यांच्या मानाचे, शब्दही त्यांचाच. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, फटफटीकडे पाहिले, बाशिंग सरळ केले.

"खांदा मळला, आवतण देलं, तोरणाखालून गेला," ते म्हणाले. "तो बैलच झाला बे आता. अन् बैलाले मोटेवर जुंपाचं का नाही, हे मालकीण सांगन."

"नाही जुंपत," मालकीण म्हणाली.

कडूबाने जमिनीवर बसल्या बसल्या तिच्याकडे पाहिले. लग्नातसुद्धा त्याने तिच्याकडे असे पाहिले नव्हते, असे पाहणारे सांगतात.

आता फटफटी घरी नेण्याचा प्रश्न आला. खांदा तुपाने गेलेला, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला लावणे हे पाप. म्हणून पुढून कडूबाने ओढले आणि मागून, हरलेला म्हणून, उत्तमरावाने ढकलले. त्याचा पांढरा बैल झुलीसकट मोकळाच मागे डुलत आला.

दारात मनकर्णाबाईने बैलाला पुरणपोळीचा घास भरवला, पाहुण्या बैलाला भरवला आणि एक घडी घातलेली पोळी फटफटीच्या बसायच्या जागेवर ठेवली.

"अवं, तिले पुरण नाही चालत," कडूबा म्हणाला. "पेट्रोल लागते."

"सणाच्या दिवशी पेट्रोल! काही लाज?"

घामाघूम झालेला उत्तमराव ओट्यावर टेकला. "बाई, मले वाढ आता."

"बस जरा," ती म्हणाली. "पोळ्याले आधी बैल जेवतात. तिचं होऊ दे."