गुरुवारी लाईट गेली की

आमच्या वारज्याच्या सोसायटीत गुरुवारी बऱ्याचदा लाईट जाते. पूर्वी त्याचं काही वाटत नसे. हे गेले, मी एकटी राहू लागले आणि मुलीने दाराला अलार्म बसवून घेतला, तेव्हापासून मात्र गुरुवार नको वाटू लागला.

मुलगी बंगळुरूला असते. खालच्या मजल्यावर भरदिवसा घरफोडी झाली, तेव्हा तिने मला तिच्याकडेच न्यायचं ठरवलं. मी नाही म्हटलं. चारचौघांत बोलायला मी बुजते, शिक्षणही चौथीपर्यंतच. इथली भाजीवाली मी तोंड उघडायच्या आतच माझ्या पिशवीत पाव किलो गवार टाकते. तिकडच्या भाषेत मी काय करणार? शेवटी मुलीने अट घातली. अलार्म कायम सुरू राहायला हवा, तिच्या फोनवर तसं दिसायला हवं. तसं झालं तर मी इथे, नाहीतर दिवाळीनंतर तिच्याकडे.

आणि दर वेळी लाईट गेली की तिच्या फोनवर निरोप जायचा, घराचा संपर्क तुटला. ती कामातून उठून मला फोन करायची. मी मोरीत असले आणि उचलला नाही, तर शेजारणीला करायची. शेजारीण दारात येऊन म्हणायची, "चोर आलाय का हो? नसेल तर जाते, कुकर ठेवून आलेय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुलीने इन्व्हर्टर बसवला. तरी तेच. अलार्मवाला येऊन गेला, नेटवाला येऊन गेला. ते यायचे तेव्हा सगळं नीट चालायचं. मग मुलीने तिच्या घरातली एक खोली रिकामी केली, माझ्यासाठी पलंग आणला आणि त्याचा फोटो पाठवला. पलंग चांगला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चौकातल्या वायरमनच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते वाटेत मनात घोळवत होते. तो दुपारी आला. त्याने मेन स्विच बंद केला. इन्व्हर्टर सुरू झाला, पंखा फिरत राहिला. मी उठले आणि सवयीने टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद केलं.

आमचा पहिला टीव्ही लाईट परत येताना जळाला होता. तेव्हापासून यांचा नियमच होता, लाईट गेली की आधी टीव्हीचं बटण. माझा हात आपोआप तिकडे जातो.

वायरमन माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काकू, लाईट मी घालवली. नेट तुम्ही घालवलंत."

वायफायचा डबा त्याच बोर्डावर होता. दारावरच्या भोंग्याला त्याची स्वतःची बॅटरी आहे, पण मुलीला निरोप जातो तो या डब्यातून, असं त्याने समजावलं. मला वाटायचं, भोंगा म्हणजेच अलार्म, आणि भोंग्याला तर मी कधी हातही लावला नव्हता. त्याने डबा इन्व्हर्टरच्या दुसऱ्या प्लगवर लावला आणि त्या प्लगच्या बटणावर चिकटपट्टी मारली, म्हणजे माझा हात तिकडे जायला नको. टीव्हीचं बटण खुशाल बंद करा म्हणाला.

संध्याकाळी मी आपणहून मुलीला फोन केला. वायर ढिली होती, असं सांगता आलं असतं. पण म्हटलं, "मीच बंद करत होते गं. तुझ्या बाबांची सवय."

मला वाटलं, आता म्हणेल, म्हणूनच तू एकटी नको राहूस. पण ती म्हणाली, "एवढी माणसं पाठवली मी. लाईट गेल्यावर तू काय करतेस, हे कोणी विचारलंच नाही. मीपण नाही." मग म्हणाली, बघू पुढच्या वेळी.

पुढच्या गुरुवारी सकाळीच लाईट गेली. मी टीव्हीचं बटण बंद केलं. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेलाच होता. फोन जवळ ठेवून मी लसूण सोलत बसले. फोन वाजला नाही. शेजारीणच डोकावली, आज चोर रजेवर आहेत का म्हणून. मी तिला चहाला बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मुलीचा फोन रात्री जेवणानंतर आला, नेहमीसारखा. तिने विचारलं, "आज लाईट गेली नाही वाटतं?"

"गेली होती की. दुपारपर्यंत नव्हती."

ती जराशी हसली. त्या खोलीत आता नातीचं अभ्यासाचं टेबल ठेवणार आहे म्हणाली. पलंगही राहू देणार आहे. "मे महिन्यात सुट्टीला ये, आई. परतीचं तिकीट आधी काढते."